आठ नंबरचं पायताण

कीर्तनात टाळ घेऊन उभं राहायचं म्हणजे दोन-अडीच तास एका जागी पाय रोवायचे. ते मला कधी जड गेलं नाही. जड जायचं ते दाराकडं न बघणं. देवळाच्या दारात काढून ठेवलेलं आपलं पायताण कुणी घालून तर जात नाही ना, म्हणून निरूपण ऐन रंगात आलेलं असताना माझी मान वळायची आणि टाळ अर्धी मात्रा मागं पडायचा. कीर्तनकार इरावतीताई पाठमोऱ्या असूनही त्यांना ते कळायचं. कीर्तन संपून बुक्का लावून झाला की म्हणायच्या, "आकाराम, देव पुढं हाय. तू मागं कुणाला शोधतोस?"

खोड जुनी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी तेहतीस वर्षं ओतकाम तपासायचं काम केलं. तुकडा टांगायचा, हातोडीनं हलकं ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठंतरी पोकळी आहे, बाजूला काढायचा. भट्टीच्या धुरानं माझं नाक कामातून गेलं, गुलाब आणि गूळ मला सारखेच. पण कान शाबूत राहिले आणि संशयही. निवृत्त झाल्यावर तो वापरायला घरचीच माणसं उरली.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आमची मंडळी गगनबावड्याच्या बाजूला डोंगरात झऱ्याच्या महादेवाला जातात. गाडी खालच्या गावात सोडायची, दोन तास जंगलातनं चालायचं, एकच ओढा तीनदा ओलांडायचा आणि देवळापुढच्या फरशीवर ताईंचं कीर्तन. लाऊडस्पीकर नाही. वर पाऊस, बाजूला ओढा, आणि त्यात आठ टाळांचा आवाज. तेवीस वर्षांत मी एकदाही चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी अनवाणी गेलो, येताना देवळाजवळ ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरनं घसरलो, घोटा मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढले. यंदा ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "गुडघे बास म्हणतात. माझं ह्या डोंगरातलं हे शेवटचं." म्हणजे यंदाचं चुकलं तर कायमचं चुकलं.

डॉक्टर म्हणाले, जा. पण अनवाणी नाही, स्लीपर नाही, आणि चामड्याचं चप्पल तर पाण्यात अजिबात नाही. टाचेमागं पट्टा पाहिजे, तळव्याच्या कमानीला आधार पाहिजे, ओला दगड धरणारा सोल पाहिजे. माझा मुलगा धैर्यशील म्हणाला, "आबा, तसलं सँडल आणा आणि गुरुवारी पंचगंगेच्या घाटावर ओल्या पायऱ्यांवर माझ्यादेखत चालून दाखवा. जमलं तर मी रजा काढून स्वतः घेऊन जातो. नाही जमलं तर सोमवारी घरात बसायचं."

इतक्या सहज तो म्हणाला की मला तिथंच वाटलं, ह्याला मी घाटावर नापास होणार हे कुठूनतरी ठाऊक आहे.

रविवारी संध्याकाळी सूनबाई संयोगिता मला राजारामपुरीत एका दुकानात घेऊन गेली. दुकानदार मोहित, पस्तिशीचा, स्वतः डोंगर चढणारा. भिंतीवर त्याचे किल्ल्यांवरचे फोटो. फोटो लावून माल खपवणारी माणसं मी बघितली आहेत.

"काका, सँडल कशासाठी पाहिजे?"

"चालायला."

"कुठं चालायला?"

"जमिनीवर."

संयोगितानं कपाळाला हात लावला आणि घोट्यापासून ओढ्यापर्यंत सगळं सांगितलं. मोहितनं तीन जोड काढले. एक सँडल दोन्ही हातांत धरून वाकवलं. "हे बघा, बोटांच्या मागं वाकतंय. इथंच वाकलं पाहिजे. मधोमध दुमडणारं घेऊ नका, ते कमानीला काय आधार देणार? आणि हा पट्टा ओला झाला तरी ताणत नाही. पाणी आत आलं तर बाजूनं निघून जातं. संध्याकाळी आलात ते बरं केलंत, दिवसभरात पाय थोडा फुगतो."

"माझा पाय सकाळ-संध्याकाळ तेवढाच असतोय," मी म्हटलं आणि बोटाच्या पेरानं सोल ठोकून कानाशी धरला. "बद्द वाजतंय."

"काका, रबर आहे. खणखणीत कसं वाजेल?"

मी सँडल खाली ठेवलं. त्यानं नऊ नंबरचा जोड पायात घातला, तिन्ही पट्टे आवळले, लाकडी उतरत्या फळीवर चार पावलं चालवलं. टाच हलली नाही. बोटांपुढं बोटभर जागा राहिली. घातल्या घातल्या पाय सुखावला, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. कोल्हापुरात जन्म काढलेला माणूस आहे मी. नवं चप्पल पहिल्या दिवशी चावलं पाहिजे. पहिल्या दिवशी सुखाचं वाटलं ते महिन्याभरात फटक फटक करत पायातनं निघून जातं.

"आठ द्या."

"आठ तुम्हाला आखूड पडेल."

"सैल हुतंय नंतर."

"चामडं सैल होतं काका. हे आज जेवढं आहे तेवढंच राहणार."

"नऊ नंबरचा माल पडून दिसतोय."

मोहित हसला. "पडून आठच आहे. नऊ येतो तसा जातो."

माल पडून आहे हे कुणी कबूल करतं का? म्हणजे उलटं असणार. मी आठच घेतलं. बिल देताना संयोगिता काउंटरवर वाकून त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि नऊचा डबा खाली कुठंतरी ठेवला.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "काय बोलत हुतीस गं?"

"काही नाही आबा. बिल बघत होते."

बिल डोळ्यांनी बघतात. त्याला कुजबुजायला कशाला लागतं?

उत्तरेश्वर पेठेतल्या घरी आल्यावर पुढच्या सोप्यात माझ्या बायकोनं, सरोजिनीनं, ते सँडल उलटंपालटं करून बघितलं. आमची सरोजिनी शिरोळची, ऊस आणि पुराच्या पाण्यात वाढलेली. दहा वर्षांपासून तिच्या गुडघ्यांनी डोंगर सोडला. मी कीर्तनाहून आलो की ती मला समोर बसवून नमनापासून आरतीपर्यंत सगळं सांगायला लावते, मधलं काही गाळलं तर तिला कळतं.

"हे आखूड हाय की," ती म्हणाली. "आणि कसलं म्हणायचं, रबराचं?"

"माझ्या पायाला कसलंबी असू दे, आठ दिवसांत वळणावर येतंय. चाळीस वर्षांत मला पायताण चावलंय कधी?"

ही माझी जुनी फुशारकी. फौंड्रीत, भावकीत, टाळकऱ्यांत सगळ्यांना पाठ. सरोजिनी उठली. आत जाऊन तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

सोमवारपासून मी रोज सकाळी ते घालून घाटापर्यंत जाऊन यायला लागलो. बोटं पुढं चेंगरायची, टाच मागं लोंबायची. ते मी धरून चाललो होतो. पण बुधवारी निराळंच सुरू झालं. पाय आतल्या आत पुढं सरकायला लागला, जसा काही कुणी तळव्याखाली साबण फिरवलाय. आणि पट्टा, जो दुकानात सोडताना वेल्क्रोचा फर्रकन आवाज करायचा, तो आता आवाज न करता आणि न विचारता सुटायचा. दुकानातला पट्टा आणि हा पट्टा एक नव्हे, हे माझ्या कानांनी सांगितलं. घरात मात्र मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर धैर्यशीलचं काम सोपं झालं असतं.

गुरुवारी तो बँकेतून आला आणि आम्ही घाटावर गेलो. नदी चढलेली. खालची देवळं पाण्यात, वरच्या पायऱ्या पावसानं ओल्या, कडेला हिरवट. मी पट्टे आवळले, मनात महादेवाचं नाव घेतलं आणि पहिली पायरी उतरलो. दुसऱ्या पायरीवर डावा पट्टा सुटला, पाय सँडलमधनं असा बाहेर आला जशी शेंगेतनं बी येते. मी धैर्यशीलच्या गळ्यात पडलो म्हणून वाचलो.

त्यानं मला वर बसवलं. पायरीवर पालथं पडलेलं सँडल उचलून आणलं. "आबा, बास झालं. ताईंना मी फोन करतो."

"तू करू नको. मी सांगीन."

"कधी सांगणार?"

"रविवारपर्यंत सांगतो."

तीन दिवस मागून घेतले. घरी येताना तो पुढं आणि मी मागं, आणि माझं तपासणीचं काम सुरू झालं. मोहितनं दुय्यम माल दिला, हे एक. पण मोहितला माझ्याशी काय वाकडं? त्याच्याशी कुजबुजली ती संयोगिता. संयोगिताला मी डोंगरात जायला नको आहे, गेल्या वर्षी सहा आठवडे माझं सगळं तिनंच बघितलं. आणि तिला सांगणारा धैर्यशील. तिघांची मिळून एक साखळी मला स्वच्छ दिसायला लागली. रात्री जेवताना संयोगितानं मला न मागता तूप वाढलं. मी तिच्याकडं बघितलं. अपराधी माणूस असाच तूप वाढतो.

शुक्रवारी संध्याकाळी उत्तरेश्वराच्या देवळात ताईंचं कीर्तन होतं. त्या दिवशी त्या संशयावर बोलल्या. म्हणाल्या, "संशयाला स्वतःचं पाय नसतात बाबांनो. तो तुमच्या पायांनी हिंडतो आणि दमता तुम्ही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली आणि मनात म्हटलं, संयोगितानं आज इथं यायला पाहिजे होतं. मग नेहमीप्रमाणं दाराकडं बघून घेतलं.

पण एक काम मी त्याच सकाळी करून ठेवलं होतं. सोप्यात जिथं सँडल ठेवतो, तिथं फरशीवर त्यांच्या कडेनं खडूची बारीक रेघ मारून ठेवली होती. फौंड्रीत संशयित मालाला आम्ही अशीच खूण करायचो. दुपारी दोन ते चार मी झोपतो. उठून बघितलं तर डावं सँडल रेघेच्या बाहेर दोन बोटं सरकलेलं, उजवं तिरकं. म्हणजे पट्टे आपोआप बिघडत नव्हते. घरातलंच कुणीतरी माझ्या झोपेच्या वेळात त्यांना हात लावत होतं.

शनिवारी मी जेवून नेहमीसारखा खोलीत आडवा झालो, तोंडावर पंचा घेतला आणि घोरायला लागलो. खोटं घोरणं अवघड असतं. खरं घोरणं कसं असतं ते माणसानं स्वतः कधी ऐकलेलं नसतं. तरी घोरलो. थोड्या वेळानं सोप्यात बांगड्या वाजल्या. त्या आवाजात मला शंकाच नव्हती, चाळीस वर्षांचा आवाज. पण तो अपेक्षित नव्हता. माझ्या यादीत तिचं नावच नव्हतं.

पंचा बाजूला करून मी दाराच्या फटीला डोळा लावला. सरोजिनी उंबऱ्याजवळ पाय पसरून बसली होती. मांडीवर माझं सँडल, बाजूला एरंडेलाची बाटली. कापसाचा बोळा तेलात बुडवून ती पट्ट्यांना, आतल्या तळाला, कडांना दाबून दाबून चोळत होती. तोंडानं कालच्या कीर्तनातला गजर चालू.

मी फटीवरचा डोळा काढला. मग हीसुद्धा? सगळे मिळून मला घरात बसवणार होते, आणि सगळ्यात आतलं काम हिच्याकडं होतं?

मी दार उघडलं. "काय चाललंय?"

ती दचकली नाही. "उठलासा व्हय? आज लवकर."

"काय चाललंय म्हणतोय मी."

"दिसत न्हाय व्हय? तेल लावतोय. लई हट्टी हाय बघा हे, सहा दिवस झालं, मऊच हुईना. चामडं असतं तर आतापातूर लोण्यागत झालं असतं."

"कुणी सांगितलं लावायला? धैर्यशीलनं?"

"त्यो कशाला सांगतोय? दर खेपंला लावतोय तसं लावतोय."

"दर खेपंला म्हंजे?"

तिनं बोळा बाटलीच्या तोंडावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. आता बोललंच पाहिजे असं दिसलं तेव्हा बोलली. "लगीन झाल्यावर पैल्या दिवाळीला तुमी नवं चप्पल घेतलंसा. दोन दिवस लंगडत हुतासा, कुणाला सांगत न्हवतासा. माझी आई बाबांच्या चपलांस्नी दुपारी तेल लावायची, म्हणून मीबी लावलं. आठ दिवसांनी माझा भाऊ आला, त्येच्याम्होरं तुमी म्हणालासा, माझ्या पायाला चप्पल आपोआप वळतंय. आता भावाम्होरं तुमास्नी खोटं पाडू व्हय मी? बोलताना तोंड एवढं फुललं हुतं तुमचं. तवापासनं लावतोय."

मी खाली बसलो. चाळीस वर्षं. तेवढ्या वर्षांत पंधरा-वीस जोड तरी झाले असतील. हातोडीच्या एका ठोक्यात लोखंडाच्या पोटातली पोकळी ओळखणारा मी, रोज पायात घालत होतो ते मला कळलं नव्हतं. नाक गेलेलं होतं हे खरं, पण नाक तर लग्नानंतर दहा वर्षांनी गेलं. त्याआधी काय केलं मी? वास आला असेल आणि वाटलं असेल, नव्या चपलेचा असेल.

"मी डोंगरात जाऊ नये असं वाटतंय न्हवं तुला?" तरी मी विचारलं. खोड जात नाही.

"मला?" ती म्हणाली. "तुमी न्हाय गेलासा तर ताईंचं शेवटचं कीर्तन मला कोण सांगणार?"

मी ते सँडल हातात घेतलं. आतला तळ चकचकीत, बोट ठेवलं की सरकत होतं. पट्ट्याच्या बारीक आकड्यांत तेल आणि कापसाचे धागे बसले होते, ते धरणार कशाला? आणि पाय पुढं चेंगरत होता तो तेलामुळं नव्हे. ते आठ नंबर माझं मी मागून घेतलं होतं, समोरचा माणूस नको म्हणत असताना.

"सरोजिनी, हे रबर हाय. ह्याला तेल चालत न्हाय."

"मग तुमी सांगायचं हुतं, रबराचं काय करायचं असतंय ते."

"मला तरी कुठं ठाऊक हुतं?"

दारात संयोगिता उभी होती, हातात चहाचे कप. किती ऐकलं कुणास ठाऊक, पण ओठ दाबून हसू धरलेलं दिसत होतं. "आबा, नऊचा डबा मोहितनं बाजूला ठेवलाय. त्याच दिवशी त्याला सांगून आले होते, आमचे आबा आठवड्याच्या आत परत येतील म्हणून."

"हे कुजबुजत हुतीस?"

"मोठ्यानं बोलले असते तर तुम्ही सात घेतलं असतं."

त्याच संध्याकाळी दुकानात मोहितनं मला बघून नऊचा डबा पुढं केला. त्यानं पुन्हा उतरत्या फळीवर चालवलं, आणि ह्या वेळी मी सोल ठोकला नाही. तेलाचं सँडल दाखवलं तेव्हा मात्र तो हात जोडून म्हणाला, "काका, दुकानात आजवर असं कुणी आणलं नाही." मग सांगितलं, चिखल लागला की साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, आणि काकूंना माझा नमस्कार सांगा.

रविवारी घाटावर धैर्यशील दोन पायऱ्या खाली हात पसरून उभा राहिला. मी उतरलो, वळलो, चढलो, पुन्हा उतरलो. पाण्यात घोट्यापर्यंत पाय घातला. सोल दगडाला धरत होता. धैर्यशीलनं हात खाली केले. "रजा टाकतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात हार नव्हती. माझ्याइतकाच तोही सुटल्यासारखा दिसला, आणि मग मला आठवलं की गेल्या वर्षी मला पाठीवर घेऊन डोंगर उतरणारा तोच होता.

सोमवारी पाऊस सारखा लागून होता. पहिल्या दोन वेळा ओढा सहज ओलांडला. तिसऱ्या वेळी, देवळाजवळ, काठावर मी थांबलो. तोच दगड, तेच हिरवं शेवाळ, पाणी गेल्या वर्षीपेक्षा वीतभर जास्त. मी वाकून पट्टे तपासले. पुन्हा तपासले. काठीनं दगड ठोकला. मागची मंडळी भिजत उभी.

"पावणं, दगड पास हाय का नापास, सांगा एकदाचं," मागनं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

पलीकडच्या काठावर इरावतीताई छत्री धरून उभ्या होत्या. वीणा सांभाळून वाट बघत राहिल्या. मी दगडावर पाय ठेवला नाही. मोहितनं सांगितलं होतं, शेवाळाच्या दगडावर कुठलंही सँडल शहाणपण करत नाही, पाण्यातल्या खडीत पाय घाला. मी खाली गुडघाभर पाण्यात उतरलो. पाणी आत आलं आणि बाजूनं निघून गेलं. खडी बोचत होती पण हलत नव्हती. सात पावलं. धैर्यशीलनं माझं कोपर धरलं होतं ते मला पलीकडं गेल्यावर कळलं.

कीर्तन झालं. त्याबद्दल इथं लिहीत नाही, ते ज्या माणसाला सांगायचं होतं त्याला सांगितलं. एवढंच म्हणतो की देवळाबाहेर चिखलात आमची पायताणं उघडीच पडली होती, आणि मी एकदा मागं बघितलं. एकदाच. टाळ चुकला नाही.

संध्याकाळी घरी आलो तर सरोजिनी उंबऱ्यात बसलेली. पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "आलासा? चावलं का पायताण?"

तोंडात नेहमीचं उत्तर आलं होतं. ते मी गिळलं.

"चावलं," मी म्हटलं. "डाव्या करंगळीला. वाळू गेलती आत."

"बघू," ती म्हणाली. तिनं पाय मांडीवर घेतला, करंगळीवरचा फोड दिव्याकडं करून बघितला आणि संयोगिताला हाक मारून एरंडेलाची बाटली मागितली. मग बोळा भिजवता भिजवता म्हणाली, "हं, सांगा आता. नमनापासनं."